दुपार सरता सरत नाही तेव्हा

सकाळी दहाच्या सुमाराला सुरू होतं आणि दोनपर्यंत पिच्छा सोडत नाही. सूर्य जागचा हलतच नाही, दिवस पन्नास तासांचा वाटतो. नजर सारखी खिडकीकडे जाते. माणूस उठून बाहेर येतो, तीनच्या जेवणाला किती अवकाश आहे ते उन्हावरून बघतो, कुणी येतंय का म्हणून वाटेकडे डोळे लावतो. मग ही जागाच नकोशी होते, हातातलं काम नको होतं. आपल्यावर कुणाची माया उरली नाही, असंही वाटू लागतं.

हे वर्णन आहे इव्हॅग्रियस या ख्रिस्ती साधकाचं. कॉन्स्टँटिनोपलच्या चर्चमधलं मानाचं पद सोडून तो इजिप्तच्या वाळवंटात गेला आणि इ.स. 399 मध्ये मरेपर्यंत केलिया नावाच्या वस्तीत राहिला. या अवस्थेला तो ग्रीकमध्ये ‘अकेडिया’ म्हणतो. यालाच तो ‘दुपारचं भूत’ही म्हणतो. आपलं ‘करमत नाही’ पराकोटीला गेलं, की असंच होत असणार.

त्याचं निरीक्षण किती बारीक आहे पाहा! लक्ष काळाकडेच लागलं, की काळ लांबतो, हे आज मानसशास्त्र सांगतं. एसटीची वाट बघताना आपण सारखं घड्याळ बघतो आणि दहा मिनिटं संपत नाहीत, ती याचमुळे. आणि नुसतं स्वतःपाशी बसणं किती कठीण! 2014 साली मानसशास्त्रज्ञ टिमोथी विल्सन आणि सहकाऱ्यांनी काही जणांना 15 मिनिटं रिकाम्या खोलीत एकटं बसवलं. सोबत फक्त विजेचा झटका देणारं बटण. हा झटका टाळायला पैसे मोजू, असं आधी म्हणणाऱ्या 18 पुरुषांपैकी 12 जणांनी आणि 24 स्त्रियांपैकी 6 जणींनी तो स्वतःहून घेतला.

वाळवंटातल्या साधकांनी यावर शोधलेला उपाय मला फार शहाणपणाचा वाटतो. असाच जीव उबगलेला असताना अँथनी नावाच्या साधकाला आपल्यासारखाच एकजण दिसला, अशी कथा आहे. तो बसून दोर वळत होता, उठून प्रार्थना करत होता, पुन्हा बसून दोर वळत होता. अँथनीने तेच सुरू केलं. हात गुंतले, दिवसाचे तुकडे पडले.

शिवाय एकांतालाही कुंपण होतं. केलियातल्या कुट्या एकमेकींपासून लांब, पण शनिवार-रविवारी सगळे चर्चमध्ये जमत. एखादा आला नाही, की तो आजारी असणार हे इतरांना कळे, आणि मग एकेक जण काहीतरी घेऊन त्याच्या कुटीकडे निघे.