एज केसची नोंद (मुक्तस्रोत सॉफ्टवेअर)

रोजच्या वापरात बिनबोभाट चालणारा कोड एखादे मूल्य किंवा परिस्थिती समोर आली की वेगळा वागतो. रिकामी यादी, शून्याने भागाकार, २९ फेब्रुवारी, भरलेली डिस्क अशा टोकाच्या प्रसंगांना प्रोग्रामर ‘एज केस’ म्हणतात. तो प्रसंग आल्यावर कोड काय करील आणि तसेच का करील, हे कमेंटमध्ये (कोडमध्येच माणसांसाठी लिहिलेल्या टिपेत), मॅन्युअलमध्ये किंवा चाचणीत लिहून ठेवण्याची प्रथा म्हणजे एज केसची नोंद. मुक्तस्रोत, म्हणजे ज्याचा कोड सर्वांना खुला असतो अशा, सॉफ्टवेअरमध्ये तिचे मोल विशेष आहे, कारण कोड लिहिणारा आणि वापरणारा यांची गाठ बहुधा कधीच पडत नाही. शेजारच्या टेबलाशी जाऊन ‘हे असं का केलंस?’ असे विचारायची सोय नसते. काही वर्षांनी मूळ लेखक दुसऱ्या कामाला लागलेला असतो आणि हाती फक्त त्याने लिहिलेले उरते.

प्रथा जुनी आहे. ३ नोव्हेंबर १९७१ रोजीच्या, युनिक्स या संगणक-प्रणालीच्या पहिल्या मॅन्युअलमध्ये आज्ञेच्या माहितीबरोबर ‘बग्ज’ असे शीर्षक देऊन तिचे दोष लिहिलेले आढळतात. युनिक्स तेव्हा मुक्तस्रोत नव्हते, पण बीएसडी आणि लिनक्स या पुढच्या मुक्तस्रोत प्रणालींनी मॅन्युअलची ही मांडणी उचलली. बीएसडीत ‘कॅव्हिएट्स’ हे आणखी एक शीर्षक आले; दोष नसलेल्या पण वापरणाऱ्याला फसवू शकणाऱ्या गोष्टी त्याखाली येतात. लिनक्सच्या मॅन्युअलमध्ये ‘गेट्स’ या सी भाषेतील फंक्शनखाली ‘गेट्स कधीही वापरू नका’ असे सरळ बजावले आहे. किती अक्षरे येणार हे त्याला आधी कळत नाही, त्यामुळे ते राखीव जागेपलीकडे लिहीत सुटते. १९८८ च्या मॉरिस वर्म या नेटवर्कवरून आपोआप पसरणाऱ्या प्रोग्रामने ‘फिंगर’ या वापरकर्त्यांची माहिती देणाऱ्या सेवेतल्या याच फटीतून शिरकाव केला होता. सी भाषेच्या २०११ च्या मानकातून हे फंक्शन काढून टाकण्यात आले.

चांगल्या नोंदीचा नमुना पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेच्या दस्तऐवजात आहे. राउंड(२.६७५, २), म्हणजे २.६७५ चे दोन दशांश स्थळांपर्यंत पूर्णांकन, याचे उत्तर २.६८ यावे असे कुणालाही वाटेल, येते २.६७. दस्तऐवज नेमके हेच उदाहरण घेतो, हा बग नाही असे सांगतो आणि कारणही देतो: बहुतेक दशांश अपूर्णांक संगणकाच्या द्विमान पद्धतीत तंतोतंत मावत नाहीत. साठवलेली संख्या २.६७५ पेक्षा किंचित कमी, २.६७४९९९… अशी असते, म्हणून ती खाली झुकते. नेमके इनपुट, नेमके उत्तर आणि कारण, तिन्ही एका जागी सापडतात. ‘काही वेळा अचूकता कमी होऊ शकते’ असे मोघम वाक्य लिहिले असते तर कुणाचेच भले झाले नसते.

कधीकधी चूक माहीत असूनही दुरुस्त करता येत नाही. २००० साली सुरू झालेल्या एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये प्रायमरी कीच्या, म्हणजे प्रत्येक नोंदीची ओळख ठरवणाऱ्या, रकान्यात नल (काहीच नसलेले) मूल्य चालते. एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेच्या मानकानुसार ते चालायला नको. सुरुवातीच्या आवृत्त्यांतली ही चूक ध्यानात येईपर्यंत तिच्यावर विसंबलेले डेटाबेस जगभर पसरले होते, आणि दुरुस्ती केली असती तर ते बंद पडले असते. म्हणून निर्मात्यांनी वागणूक तशीच ठेवली आणि तिची कबुली दस्तऐवजात दिली. अशा विचित्र गोष्टींसाठी एसक्यूलाइटने स्वतंत्र पानच राखले आहे. नव्याने शिकणाऱ्याने ते आधी वाचावे. मागाहून होणारा बराच मनस्ताप त्याने वाचतो.

न लिहिलेल्या एज केसची किंमत २०१८ साली पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसच्या कार्यकर्त्यांना कळली. डेटा खरोखर डिस्कवर गेला याची खात्री करण्यासाठी ‘एफसिंक’ ही आज्ञा असते. ती फसली तर पुन्हा द्यावी, असे ते धरून चालले होते. प्रत्यक्षात लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, पहिल्या अपयशानंतर मेमरीतला तो न लिहिलेला डेटा ‘स्वच्छ’, म्हणजे डिस्कवर पोचलेला, मानू शकत असे. मग दुसऱ्या वेळी आज्ञा यशस्वी ठरायची आणि डेटा मात्र गेलेला असायचा. पुढे पोस्टग्रेएसक्यूएलने एफसिंक फसताच सर्व्हर थांबवून नोंदवहीतून, म्हणजे लॉगमधून, पुन्हा उभे राहायचा मार्ग धरला. त्यासाठीच्या सेटिंगच्या वर्णनात हा धोका आता समजावून दिला आहे.

मराठीच्या अगदी जवळचे उदाहरण हार्फबझ या लायब्ररीत, म्हणजे इतर प्रोग्राम वापरतात अशा तयार कोडच्या संचात, सापडते. फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड आणि लिब्रेऑफिस यांत अक्षरांची जुळणी हेच करते. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ यांत फरक केवळ रफार आणि अर्ध्या ऱ चा, पण पहिला गुरू आणि दुसरा स्वयंपाकी. युनिकोड या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या मानकात ऱ (यू+०९३१) म्हणजे र अधिक नुक्ता (अक्षराखालचा टिंब) अशी फोड दिलेली आहे. सर्वसाधारण नियमाने हार्फबझनेही ती फोड केली असती. पण कोडमध्ये ‘यांची फोड करू नका’ अशी कमेंट असून खालच्या यादीत ऱ चा क्रमांक नावासह आहे. यादीतल्या बंगाली अक्षरांपाशी त्यामागच्या चर्चेचा दुवाही दिला आहे. ऱ पाशीही तसा दुवा असायला हवा होता, कारण ‘करू नका’ एवढ्यावर पुढचा माणूस फार काळ थांबत नाही. हाच अर्धा ऱ ‘र, हलन्त, झेडडब्ल्यूजे (न दिसणारे जोडचिन्ह)’ असाही टाइप करता येतो आणि युनिकोडला दोन्ही रीती मान्य आहेत. डोळ्यांना दोन्ही शब्द सारखे दिसतात, पण साध्या शोधात एक टाइप केला तर दुसरा सापडत नाही. मराठी शोधयंत्र, शब्दकोश किंवा शुद्धलेखन तपासनीस लिहिणाऱ्याने ही बाब पहिल्याच पानावर नोंदवायला हवी.

कोडमध्ये ‘टूडू’, ‘फिक्समी’, ‘हॅक’, ‘एक्सएक्सएक्स’ अशा खुणांनी सूचना लिहायची पद्धत आहे. रस्ट भाषेत ती अधिक शिस्तबद्ध आहे: फंक्शनच्या वर ‘पॅनिक्स’, ‘एरर्स’, ‘सेफ्टी’ या शीर्षकांखाली ते केव्हा कोसळेल, कोणती चूक परत देईल आणि ते फंक्शन वापरणाऱ्याने काय सांभाळावे हे लिहितात. मात्र कोड बदलतो आणि वरची कमेंट तशीच राहते. शिळी सूचना तर सूचना नसण्याहून वाईट, कारण वाचणारा तिच्यावर भरवसा ठेवतो. यावरचा ठोस उपाय म्हणजे नोंदीतले उदाहरण यंत्राकडूनच तपासून घेणे. पायथॉनमधले ‘डॉकटेस्ट’ दस्तऐवजातली उदाहरणे चालवून लिहिलेल्या उत्तराशी ताडते. रस्टमध्ये ‘कार्गो टेस्ट’ ही आज्ञा दिल्यावर लायब्ररीच्या दस्तऐवजातले कोडचे तुकडेही चालतात आणि उदाहरण खोटे ठरले की चाचणी तिथेच नापास होते.