पायथन पॅकेजची जोखीम आणि ‘क्रिटिकल’ या शब्दाचा गुंता

एखादं पायथन पॅकेज, म्हणजे पायथन या भाषेत इतरांनी लिहून ठेवलेला तयार कोड, वापरायचं की नाही, हे आता अनेक ठिकाणी एका एक्सेल तक्त्यावर ठरतं. ज्ञात त्रुटी किती, शेवटचं रिलीज कधीचं, सांभाळणारे किती जण, असे रकाने असतात. ‘क्रिटिकल’ या रकान्यापाशी मात्र बैठक हमखास अडते. एकाच्या डोक्यात त्रुटीची तीव्रता असते, दुसऱ्याच्या डोक्यात पॅकेजचं महत्त्व. चूक कुणाचीच नसते, कारण हा शब्द दोन वेगळ्या वाटांनी इथे आला आहे.

पहिली वाट सर्वांच्या ओळखीची. सीव्हीएसएस या त्रुटींची तीव्रता मोजणाऱ्या पद्धतीत १० पैकी ९ किंवा जास्त गुण पडले की त्रुटी ‘क्रिटिकल’ ठरते. पण हे माप आहे कोडमध्ये नजरचुकीने राहून गेलेल्या भोकाचं. कुणी मुद्दाम घातलेला चोरकोड त्यात सहसा येतच नाही. तो सापडला की पॅकेज काढून टाकलं जातं आणि विषय मिटतो.

मुद्दाम केलेल्या उद्योगांची दखल उशिरा घेतली गेली. पायपीआय हे पायथन पॅकेजांचं सार्वजनिक भांडार २००३ पासून सुरू आहे, आणि तिथे पॅकेज टाकायला आधी कुणाची मंजुरी लागत नाही. त्यात पॅकेज सोर्स स्वरूपात असेल तर त्यातली सेटअप डॉट पाय ही फाइल इन्स्टॉल करतानाच चालते, म्हणजे पॅकेज प्रत्यक्ष वापरायला घेण्याआधीच परका कोड तुमच्या मशीनवर चालून मोकळा झालेला असतो. २०१६ मध्ये हॅम्बुर्गमधल्या एका विद्यार्थ्याने पायपीआयसह तीन भांडारांत चुकीच्या स्पेलिंगची निरुपद्रवी पॅकेजं टाकून पाहिली. १७ हजारांहून जास्त मशीनवर त्याचा कोड चालला. २०१९ मध्ये ‘जेलीफिश’ या पॅकेजची नक्कल सापडली. नावातल्या पहिल्या छोट्या ‘एल’च्या जागी मोठा ‘आय’ होता. बऱ्याच फाँटमध्ये दोन्ही अक्षरं म्हणजे नुसती उभी रेघ, त्यामुळे कुणाला फरक कळणार? ती नक्कल जवळजवळ वर्षभर एसएसएचच्या किल्ल्या, म्हणजे दूरच्या सर्व्हरवर शिरायच्या डिजिटल किल्ल्या, पळवत होती.

तोवर सल्ला एकच होता : नाव नीट वाचा. मे २०२२ मध्ये तोही अपुरा पडला. ‘सीटीएक्स’ हे छोटं पॅकेज २०१४ पासून कुणी हातही न लावलेलं. मूळ मालकाच्या ईमेलचं डोमेन संपलं होतं. ते दुसऱ्याच कुणीतरी विकत घेतलं, पासवर्ड रीसेट केला आणि एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (मशीनवरच्या सेटिंग्ज, ज्यांत अनेकदा पासवर्डही असतात) चोरणाऱ्या आवृत्त्या चढवल्या. नाव बरोबर, मालकाचं खातं बरोबर, नोंदलेली त्रुटी शून्य. तक्त्यात हे पॅकेज हिरवंच दिसलं असतं.

दोन महिन्यांत, जुलै २०२२ मध्ये, पायपीआयच्या चालकांनी ‘क्रिटिकल’ला दुसरा अर्थ दिला. मागच्या सहा महिन्यांच्या डाउनलोडमध्ये वरच्या १ टक्क्यात असलेली, सुमारे ३,५०० पॅकेजं ‘क्रिटिकल प्रोजेक्ट’ ठरली. त्यांच्या मालकांना टू-फॅक्टर, म्हणजे लॉगिनला पासवर्डशिवाय दुसरा पुरावा देणं, सक्तीचं होणार होतं. त्यासाठी ४,००० हार्डवेअर किल्ल्या (मशीनला जोडायची छोटी उपकरणं) फुकट वाटायची तयारीही होती. एकदा चिकटलेला शिक्का मात्र निघणार नव्हता.

‘अॅटॉमिकराइट्स’ या अशाच एका पॅकेजच्या मालकाला हे झोंबलं. फुकट काम करायचं, वर अटीही पाळायच्या? शिक्का जावा म्हणून त्याने पॅकेज डिलीट करून त्याच नावाने पुन्हा चढवलं. त्यासरशी जुन्या सगळ्या आवृत्त्या गेल्या, आणि त्यावर विसंबलेल्यांचे बिल्ड (कोडपासून सॉफ्टवेअर तयार करायची प्रक्रिया) धडाधड पडले. चालकांनी त्या आवृत्त्या परत आणल्या. मालकाने डिलीट केल्याबद्दल खेद व्यक्त केला, टू-फॅक्टरही चालू केलं. पण पॅकेज सांभाळणं सोडलं.

तेव्हा बरीच सहानुभूती त्या मालकाकडे गेली. मला नियम योग्यच वाटतो. दोन मिनिटांच्या कामासाठी एवढा त्रागा कशाला, असंही वाटतं. खटकतो तो शब्द. डाउनलोडवरून किती जणांचं नुकसान होऊ शकतं एवढंच कळतं, पॅकेज कच्चं आहे की पक्कं ते नाही. ‘तुमचं पॅकेज क्रिटिकल आहे’ असा मेल आला की आपल्यात काहीतरी खोट सापडली असंच माणसाला आधी वाटतं. शिवाय ज्या सीटीएक्सची आठवण ताजी होती, त्यासारखं विस्मरणात गेलेलं पॅकेज या निकषात बसेलच याची काय खात्री? २०२३ अखेर टू-फॅक्टर सरसकट सगळ्यांना लागू झालं, तेव्हा या शिक्क्याचं मुख्य कारणच उरलं नाही. तक्त्यांतला रकाना मात्र तसाच राहिला.

त्यानंतर चोरांनी खात्याचा नाद सोडून बिल्डकडे मोर्चा वळवला. डिसेंबर २०२४ मध्ये ‘अल्ट्रालिटिक्स’ या चित्र ओळखणाऱ्या लोकप्रिय पॅकेजच्या ८.३.४१ आणि ८.३.४२ या आवृत्त्यांत क्रिप्टोमायनर, म्हणजे दुसऱ्याच्या मशीनवर गुपचूप क्रिप्टोचलन कमावणारा कोड, निघाला. कोडमध्ये बदल सुचवणाऱ्या पुल रिक्वेस्टच्या ब्रँचच्या (कोडच्या वेगळ्या प्रतीच्या) नावातच कमांड लपवली होती. कुणाचाही पासवर्ड न चोरता, प्रोजेक्टच्याच रिलीज यंत्रणेतून ते पॅकेज बाहेर पडलं. दोन्ही आवृत्त्या काढल्या, आणि दोन-तीन दिवसांत आणखी दोन आल्या. या खेपेला रद्द करायचं राहून गेलेलं एक जुनं एपीआय टोकन, म्हणजे पासवर्डऐवजी चालणारी किल्ली, कामी आलं होतं.