गर्व यादीबाहेर का गेला?

ख्रिस्ती धर्मातली सात घातक पापांची यादी बहुतेकांना ऐकून माहीत असते. मुळात ती आठांची होती, आणि पापांची नव्हे, तर एकांतात साधना करणाऱ्याच्या मनात शिरणाऱ्या विचारांची. ती मांडणारे इव्हाग्रियस हे कॉन्स्टॅन्टिनोपलमधले (आजचं इस्तंबूल) नावाजलेले वक्ते. सगळं मागे टाकून ते इजिप्तच्या वाळवंटात गेले, पोथ्यांच्या नकला करून पोट भरू लागले आणि ३९९ मध्ये तिथेच वारले.

त्यांच्या यादीत पहिला खादाडपणा, शेवटचा गर्व. हा क्रम फार खोल आहे असं मला वाटतं. बाकीचे विचार माणसाच्या दुबळेपणावर घाला घालतात. गर्व मात्र साधना फळाला येऊ लागली की येतो: हे मीच केलं, देवाने काय केलं?

एकदा संन्याशांच्या बैठकीत इव्हाग्रियस बोलत होते. धर्मगुरू म्हणाले, "तू आपल्या देशात असतास तर बिशप झाला असतास, इथे मात्र परका आहेस." एवढा विद्वान माणूस, पण त्यांनी मान हलवली आणि बायबलमधल्या ईयोबाच्या शब्दांत उत्तर दिलं: एकदा बोललो, आता पुढे बोलणार नाही.

ही शिकवण लॅटिनमध्ये नेणाऱ्या जॉन कॅसियन यांनी पोकळ मोठेपणाच्या हावेला कांद्याची उपमा दिली. एक पापुद्रा सोलावा तर खाली दुसरा.

पुढे सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरी यांनी गर्वाला यादीतूनच काढलं. तो क्षुल्लक म्हणून नव्हे. बाकीची सात पापं ज्यातून फुटतात ते मूळ म्हणून.

नम्रतेचा मान मात्र याहून जुना, आणि त्या काळी धक्कादायक. नम्रतेसाठी बायबलच्या नव्या करारात आलेला ग्रीक शब्द तेव्हाच्या व्यवहारात हीन, गुलामी वृत्तीसाठी वापरला जाई. फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्रात ख्रिस्ताचा प्रेषित पौल त्याच मुळाचं क्रियापद ख्रिस्ताला लावतो: त्याने स्वतःला रिक्त केलं, दासाचं रूप घेतलं, वधस्तंभावरचं मरण सोसलं. देवच खाली उतरला, तेव्हा 'खालचा' या शब्दाचा अर्थच पालटला. म्हणूनच ४१० च्या सुमारास, रोमन विचारवंत सिसेरोवरचे प्रश्न पाठवणाऱ्या एका तरुणाला बिशप ऑगस्टिन यांनी कळवलं की सत्याकडे जाण्याची पहिली वाट नम्रता, दुसरी नम्रता, तिसरीही नम्रताच.

सहाव्या शतकात बेनेडिक्ट यांनी आपल्या मठवासीयांच्या नियमांत नम्रतेची बारा पायऱ्यांची शिडी घातली. बाराव्या शतकात मठाधिपती बर्नार्ड ऑफ क्लेअरवो तिच्यावर लिहायला बसले आणि वर्णन करून गेले ते गर्वाच्या बारा पायऱ्यांचं. पहिली पायरी कुतूहल, म्हणजे स्वतःकडे पाहायचं सोडून इकडेतिकडे भिरभिरणारे डोळे. शेवटी त्यांनीच कबुली दिली: जे शिकलो तेच शिकवू शकतो, आणि मला चढण्यापेक्षा उतरणंच अधिक ठाऊक आहे.