दूरसंचार कामगारांचे परवाने व देखरेख

दूरसंचार सेवेची उभारणी, दुरुस्ती व विक्री करणाऱ्या व्यक्तींच्या पात्रतेवर आणि कामावर शासनाचे असलेले नियंत्रण. संविधानाच्या सातव्या अनुसूचीत दूरध्वनी व बिनतारी संदेशवहन हे विषय संघसूचीत, म्हणजे केवळ केंद्राने कायदे करावयाच्या विषयांत (नोंद ३१), असल्याने राज्य शासनाला अशा कामगारांसाठी वेगळा परवाना काढण्यास फारसा वाव उरत नाही. केंद्राचा परवानाही १८८५ च्या भारतीय तार अधिनियमापासून सेवा देणाऱ्या कंपनीलाच मिळत आला असून २०२३ च्या दूरसंचार अधिनियमात हीच चौकट कायम आहे. व्यक्तीच्या नावाने परवाना वा प्रमाणपत्र लागते ते हौशी रेडिओचालकाला आणि जहाजावरील किंवा विमानातील रेडिओचालकाला.

सोलापुरात रस्त्याकडेला ताडपत्रीच्या सावलीत बसून, फायबरची केसासारखी टोके साफ करून स्प्लायसिंग मशीनमध्ये जोडणारा कारागीर यांपैकी कोणत्याच वर्गात मोडत नाही. तो बहुधा पोटकंत्राटदाराचा माणूस असतो, आणि कामगार कायद्याखालील परवाना ५० किंवा त्याहून अधिक कंत्राटी कामगार असलेल्या कंत्राटदारालाच घ्यावा लागत असल्याने चार-सहा जणांची टोळी त्यातूनही सुटते. रस्ता खोदण्यासाठी महानगरपालिकेची परवानगी लागते खरी, पण ती चराची असते. चरात उतरणाऱ्याच्या प्रशिक्षणाची विचारपूस तीत सहसा नसते.

राज्याचा खरा अंमल सुरू होतो तो विजेपाशी, कारण वीज समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र व राज्य दोघांनाही कायदे करता येणाऱ्या विषयांत (नोंद ३८), आहे. मोबाइल मनोऱ्याला येणारा महावितरणचा थ्री फेज पुरवठा, मीटर व आर्थिंग ही कामे परवानाधारक विद्युत ठेकेदाराने, पर्यवेक्षक व तारतंत्री (वायरमन) यांच्याकडून करून घ्यावयाची असतात. हे परवाने राज्याचे अनुज्ञापक मंडळ देते, आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून वीजतंत्री किंवा तारतंत्री होऊन बाहेर पडलेल्या तरुणाला त्यांचा मार्ग खुला असतो. त्याच मनोऱ्यावर चढून अँटेना बसवणाऱ्याकडे मात्र असा परवाना मागितला जात नाही. त्याचा सुरक्षापट्टा कंत्राटदाराच्या शिस्तीवर अवलंबून राहतो, आणि ही या व्यवस्थेतील सर्वांत ठळक उणीव म्हणावी लागेल. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात कमी दाबाच्या व संदेशवहनाच्या तारा टाकणाऱ्या तंत्रज्ञालाही राज्याचा व्यक्तिगत परवाना घ्यावा लागतो.

विक्रीच्या बाजूला देखरेख अलीकडे कडक झाली आहे. दूरसंचार विभागाच्या २०२३ च्या सूचनांनुसार सिमकार्ड विकणाऱ्या प्रत्येकाची पडताळणी करून कंपनीने त्याची नोंदणी करावयाची असते; नोंदणी नसलेल्याकडून ग्राहक घेतल्यास कंपनीला १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि गैरप्रकारात सापडलेल्या विक्रेत्याला तीन वर्षे काळ्या यादीत ठेवले जाते. नवी पेठेतील दुकानदार असो की गड्डा यात्रेत छत्री उघडून बसलेला मुलगा, नियम दोघांना सारखाच लागू आहे.

केबलचालकाची नोंदणी १९९५ च्या केबल दूरचित्रवाणी जाळे अधिनियमाखाली होते; तीही व्यवसायाची असते, खांबावर चढणाऱ्या माणसाची नव्हे.