पार्श्वभूमी : मिरीच्या पाण्यातले जीव

कोकणातल्या आगरात पोफळीच्या खोडावर चढलेला मिरीचा वेल कोणालाही नवा नाही. परंतु सूक्ष्मजीवांच्या इतिहासातला एक मोठा शोध याच मिरीच्या निमित्ताने लागला, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. डच ईस्ट इंडिया कंपनीने १६३७ मध्ये वेंगुर्ल्याला वखार घातली. आशियातून हॉलंडला मिरी भरभरून जात असलेल्या त्याच शतकात डेल्फ्ट गावचा कापडाचा व्यापारी आंतोनी व्हान लेव्हेनहूक याला मिरी तिखट का लागते, असा प्रश्न पडला. मिरीत बारीक काटे असावेत आणि तेच जिभेला टोचत असावेत, असा त्याचा तर्क होता. तो पडताळण्यासाठी १६७६ मध्ये त्याने मिरी वितळलेल्या बर्फाच्या पाण्यात भिजत घातली आणि सुमारे तीन आठवड्यांनी त्यातला थेंब स्वतः घासून तयार केलेल्या भिंगाखाली धरला. काटे दिसले नाहीत. दिसले ते असंख्य वळवळणारे जीव. लंडनच्या रॉयल सोसायटीला त्याने पत्राने हे कळवले, तेव्हा तिथल्या विद्वानांना ते सहजासहजी पटले नाही. पुढच्या वर्षी सोसायटीत प्रयोग करून दाखवणाऱ्या रॉबर्ट हूकने मिरीच्याच पाण्यात ते जीव सभासदांना दाखवले आणि शंका मिटली. ती मिरी वेंगुर्ल्याहून गेली होती, असे मात्र कोणी म्हणू नये; डचांची बरीचशी मिरी मलबारातून आणि पूर्वेकडच्या बेटांवरून जात असे.

हे सजीव आहेत असे लेव्हेनहूकने ठरवले ते मुख्यतः त्यांच्या हालचालीवरून. ही कसोटी पुरेशी नाही, हे १८२७ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउनला आढळले. परागातले कण पाण्यात थरथरताना पाहून त्याला आधी ते सजीव वाटले. पण काचेची आणि दगडाची पूडही तशीच थरथरू लागली, तेव्हा ही हालचाल जीवाची नव्हे हे त्याच्या ध्यानात आले. उलट, मृगापर्यंत कणगीत पडून राहिलेले भाताचे बियाणे काडीचीही हालचाल करत नाही आणि तरीही ते जिवंत असते. वाढ ही कसोटी घ्यावी, तर शिरोड्याच्या मिठागरात मिठाचे खडेही वाढतातच.

खरा पेच उभा राहिला तो गाळणीमुळे. जिवाणू अडवणारी चिनी मातीची गाळणी १८८४ मध्ये तयार झाली होती. परंतु तंबाखूच्या रोगट पानांचा रस तीतून गाळल्यावरही रोग पसरवतो, असे रशियात इव्हानोव्स्कीने १८९२ मध्ये नोंदवले. सहा वर्षांनी बायरिंक याने हा जिवाणू नसून ‘सजीव संसर्गी द्रव’ आहे, असे मत मांडले, आणि योगायोग असा की तोही डेल्फ्टमध्येच काम करत होता. १९३५ मध्ये अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ वेंडेल स्टॅन्लीने याच संसर्गी घटकाचे, म्हणजे विषाणूचे, स्फटिक मिळवले, आणि मिठासारखे खडे होणाऱ्या वस्तूला सजीव म्हणायचे कसे, हा वाद पेटला. तो आजही पुरता विझलेला नाही. माझ्या मते विषाणूला वगळणेच रास्त आहे, कारण प्रथिने घडवणारी यंत्रणा त्याच्याकडे नसते, ती तो दुसऱ्याच्या पेशीतून वापरतो.

जीव किती लहान असू शकतो, याची मर्यादाही हीच यंत्रणा ठरवते. प्रथिने घडवणारा रायबोसोम हा कणच २० ते २५ नॅनोमीटरचा (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) असतो, आणि असे अनेक कण, जनुकीय धागा व भोवतीचे पटल एका पेशीत मावले पाहिजे. मंगळावरून आलेल्या अशनीत अतिसूक्ष्म जीवाश्म असल्याचा दावा १९९६ मध्ये झाला. त्यानंतर १९९८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने बोलावलेल्या चर्चासत्रात ही किमान सीमा २०० ते ३०० नॅनोमीटर व्यासाच्या आसपास धरली गेली. २०० नॅनोमीटरच्या पाच हजार पेशी ओळीने मांडल्या तर जेमतेम एक मिलिमीटर भरतो.

जनुकसंच, म्हणजे पेशीतला सगळा जनुकीय मजकूर, लहानात लहान असलेले बहुतेक जीव परावलंबी आहेत, आणि मला सर्वांत उद्बोधक वाटते ते हेच. १९९५ मध्ये ज्याचा जनुकसंच वाचला गेला तो मायकोप्लाझ्मा जेनिटेलियम हा जिवाणू माणसाच्या शरीरात राहतो आणि सुमारे ५ लाख ८० हजार अक्षरांवर भागवतो. तुडतुड्याच्या एका जातीच्या शरीरात (आपल्या आंब्यावरचा तुडतुडा वेगळा) राहणाऱ्या नासुइया या जिवाणूचा संच तर अवघा १ लाख १२ हजार अक्षरांचा आहे. बाकीची उणीव यजमान भरून काढतो. जनुकशास्त्रज्ञ क्रेग व्हेंटर यांच्या संस्थेने २०१६ मध्ये ४७३ जनुकांची पेशी घडवली, तीही प्रयोगशाळेतल्या सकस माध्यमातच जगते, आणि त्यातली १४९ जनुके नेमके कोणते काम करतात हे तेव्हा घडवणाऱ्यांनाही सांगता आले नव्हते.

अपवाद आपल्या समोरच्या समुद्रात आहे. पेलॅजिबॅक्टर या जिवाणूची रुंदी जेमतेम १२० ते २०० नॅनोमीटर, लांबी एक मायक्रोमीटरहूनही कमी. तरीही तो कोणाच्या शरीरात न राहता खुल्या पाण्यात स्वतंत्रपणे जगतो. मालवणच्या किनाऱ्यावर ओंजळीत घेतलेल्या पाण्यात कोट्यवधी जिवाणू असतात, आणि जगभरच्या समुद्रांत त्यांच्यापैकी साधारण चौथा हिस्सा याच कुळाचा भरतो. १९९० मध्ये त्याचे अस्तित्व केवळ पाण्यातल्या जनुकांवरून कळले होते. प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या पौष्टिक माध्यमांत तो वाढेना. शेवटी २००२ मध्ये समुद्राचेच पाणी निर्जंतुक करून त्यात तो वाढवावा लागला.