प्रोस्टेट कॅन्सरच्या क्लिनिकल ट्रायलमध्ये सहभाग : पात्रता, कागदपत्रं आणि प्रक्रिया

प्रोस्टेटच्या कॅन्सरचं निदान झालं की अनेकदा लगेच हॉर्मोनचं इंजेक्शन सुरू होतं. क्लिनिकल ट्रायलमध्ये, म्हणजे रुग्णांवर नियम पाळून उपचार तपासणाऱ्या अभ्यासात, जायचा विचार असेल, तर त्याबद्दल या पहिल्या इंजेक्शनच्या आधी विचारा. ‘आधी हॉर्मोन उपचार झालेला नसावा’ किंवा ‘अमुक महिन्यांपेक्षा जास्त झालेला नसावा’ ही अट बऱ्याच ट्रायलमध्ये असते आणि एकदा इंजेक्शन घेतलं की ते मागे घेता येत नाही. मात्र कण्यावर दाब येऊन पायांतली ताकद जात असेल किंवा लघवी अडकली असेल, तर ट्रायल-बियल बाजूला ठेवा आणि आधी उपचार घ्या.

ट्रायल म्हटलं की लोकांना वाटतं, कुठलं तरी नवं औषध आपल्यावर करून बघणार. तशाही ट्रायल असतात, पण प्रोस्टेटच्या बाबतीत प्रश्न पुष्कळदा वेगळा असतो : उपचार नेहमीचेच, पण किती द्यायचे आणि कसे द्यायचे? मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये २०११ ते २०१७ या काळात २२४ रुग्णांवर झालेली पॉप-आरटी ही ट्रायल बघा. जास्त धोक्याच्या प्रोस्टेट कॅन्सरमध्ये रेडिएशन फक्त प्रोस्टेट ग्रंथीला द्यायचं की ओटीपोटातल्या लिम्फ ग्रंथींनाही, हा तिचा प्रश्न होता. पाच वर्षांनी पीएसए (आजार परतला का हे दाखवणारी रक्ततपासणी) पुन्हा न चढलेल्यांचं प्रमाण लिम्फ ग्रंथींनाही रेडिएशन दिलेल्या गटात ९५ टक्के होतं, तर दुसऱ्या गटात सुमारे ८१ टक्के. किती जण हयात आहेत, यात मात्र फरक दिसला नाही. त्यानंतरच्या प्राइम ट्रायलमध्ये पाच आठवड्यांत २५ वेळा रेडिएशन आणि आठवडा-दहा दिवसांत फक्त ५ वेळा रेडिएशन यांची तुलना आहे. नांदेडहून किंवा रत्नागिरीहून येऊन मुंबईत खोली घेऊन राहणाऱ्याला या प्रश्नाचं मोल वेगळं सांगायला नको.

ट्रायल शोधायची कुठे

भारतातल्या प्रत्येक औषध-ट्रायलची नोंद ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’, म्हणजे सीटीआरआयवर करावी लागते. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) ही नोंदवही २००७ मध्ये सुरू झाली, २००९ पासून नोंदणी सक्तीची झाली आणि एप्रिल २०१८ पासून पहिला रुग्ण घेण्याआधीच नोंदणी झालेली असावी लागते. शोध कुणालाही घेता येतो आणि तो फुकट आहे. ‘प्रोस्टेट’ हा शब्द टाकला की यादी येते. प्रत्येक ट्रायलला ‘सीटीआरआय/वर्ष/महिना/आकडा’ अशा धर्तीचा क्रमांक असतो.

नोंद उघडल्यावर सगळं वाचत बसू नका. आधी ‘रिक्रूटमेंट स्टेटस’ बघा. ‘नॉट यट रिक्रूटिंग’ म्हणजे ट्रायल अजून सुरू व्हायची आहे, ‘ओपन टू रिक्रूटमेंट’ म्हणजे रुग्ण घेणं चालू आहे. ‘क्लोज्ड’ दिसलं तर पुढची नोंद उघडा. मग ‘साइट्स ऑफ स्टडी’ : कुठल्या गावात, कुठल्या हॉस्पिटलात, मुख्य संशोधक कोण, त्यांचा फोन आणि ईमेल. त्याखालच्या तक्त्यात त्या-त्या हॉस्पिटलच्या एथिक्स कमिटीची (रुग्णांच्या हिताच्या दृष्टीने ट्रायल तपासणाऱ्या समितीची) मंजुरी झाली आहे की नाही, तेही दिसतं. स्टेटस कधीकधी महिनोन्‌महिने बदललेलं नसतं, म्हणून फोन केल्याशिवाय गाडीत बसू नये.

मात्र एखादं खाजगी सेंटर किंवा एजंट ‘ट्रायलमध्ये नाव घालून देतो’ म्हणून पैसे मागत असेल, तर तिथून उठा. ट्रायलला प्रवेश-फी नसते.

पात्रता

वयापेक्षा जास्त महत्त्व आजाराच्या टप्प्याला असतं. बायोप्सीत ‘अ‍ॅडिनोकार्सिनोमा’ (प्रोस्टेट कॅन्सरचा नेहमीचा प्रकार) सिद्ध झालेला असावा लागतो. त्याचा ग्लीसन स्कोअर (बायोप्सीवरून कॅन्सर किती आक्रमक आहे ते सांगणारा आकडा), पीएसए आणि स्कॅनमधला पसारा यांवरून रुग्ण कुठल्या ट्रायलमध्ये बसतो ते ठरतं. हॉर्मोन उपचाराला दाद न देणाऱ्या आजाराच्या ट्रायलमध्ये टेस्टोस्टेरॉन (उपचाराने खाली आणलेला पुरुषी हॉर्मोन) डेसिलिटरमागे ५० नॅनोग्रॅमपेक्षा कमी असून तरीही पीएसए किंवा स्कॅन बिघडत आहे, हे दाखवावं लागतं. बऱ्याच जणांची फाइल इथेच अडते, कारण टेस्टोस्टेरॉन कधी तपासलेलंच नसतं.

दुसरा भाग तब्येतीचा. डॉक्टर ‘ईकॉग’ नावाचा आकडा लिहितात : ० म्हणजे रुग्ण अगदी पूर्ववत, १ म्हणजे जड कामं जमत नाहीत पण हलकी जमतात, २ म्हणजे स्वतःचं सगळं करतो पण कामधंदा होत नाही. बहुतेक ट्रायल १ किंवा २ पर्यंत घेतात. हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) आणि यकृताच्या तपासण्यांनाही मर्यादा असतात. आधी ओटीपोटावर रेडिएशन झालेलं असणं, अलीकडच्या काळातला दुसरा कॅन्सर, आटोक्यात नसलेला रक्तदाब किंवा हृदयविकार या नेहमीच्या आडकाठ्या. यातलं काही लपवून आत जाण्यात शहाणपणा नाही. त्या अटी रुग्णाच्या जिवासाठीच घातलेल्या असतात.

कागदपत्रं

इथे छापील अर्ज भरून खिडकीवर द्यायचा नसतो. हॉस्पिटलात रुग्ण म्हणून नोंदणी करायची, ओपीडीत डॉक्टरांना ‘माझ्यासाठी चालू ट्रायल आहे का?’ असं विचारायचं आणि फाइल समोर ठेवायची. फाइल नीट असली की निम्मं काम होतं.

सर्वांत महत्त्वाची वस्तू म्हणजे बायोप्सीचे मेणाचे ब्लॉक (यांत काढलेला तुकडा जपलेला असतो) आणि काचेच्या स्लाइड्स. नुसता रिपोर्ट बहुतेक मोठ्या हॉस्पिटलांना पुरत नाही, ते तपासणी आपल्या पॅथॉलॉजीत पुन्हा करतात. ज्या लॅबमध्ये बायोप्सी झाली तिथे लेखी मागणी करून ब्लॉक घ्या, पावती जपा आणि डब्यावरचा क्रमांक रिपोर्टशी जुळतो ना, ते तिथेच काउंटरवर बघा.

• पीएसएचे सगळे रिपोर्ट, तारखेच्या क्रमाने
• एमआरआय, बोन स्कॅन किंवा पीएसएमए पेट स्कॅनच्या सीडी, फक्त छापील रिपोर्ट नव्हे
• हॉर्मोन इंजेक्शनांची नावं आणि तारखा. वृषण काढले असतील किंवा दुर्बिणीने प्रोस्टेटची शस्त्रक्रिया झाली असेल, तर त्याचं डिस्चार्ज कार्ड
• चालू गोळ्यांची यादी. रक्त पातळ करणारी गोळी आणि आयुर्वेदिक काढे-भस्मंसुद्धा
• आधार किंवा दुसरं ओळखपत्र, आणि नेहमीचे उपचार महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून घ्यायचे असतील, तर रेशन कार्ड

संमतीपत्र

पात्रतेच्या तपासण्यांआधी माहितीपत्रक आणि संमतीपत्र दिलं जातं. २०१९ च्या ‘न्यू ड्रग्ज अँड क्लिनिकल ट्रायल्स’ नियमांनुसार ते रुग्णाला समजणाऱ्या भाषेत हवं, म्हणून मराठी प्रत मागायला संकोच नको. फॉर्मवर शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न आणि नॉमिनीचं नाव-पत्ता असे रकाने असतात. नॉमिनी पाहून घरचे दचकतात. ट्रायलमुळे मृत्यू झाल्यास भरपाई कुणाला द्यायची, यासाठी तो रकाना आहे आणि तो रिकामा सोडू नये. वाचता येत नसेल तर तटस्थ साक्षीदारासमोर फॉर्म वाचून दाखवला जातो आणि अंगठा घेतला जातो. एक प्रत तुमची; ती न घेता उठायचं नाही.

सही करण्याआधी दोन गोष्टी विचारा. कोण कुठल्या उपचाराच्या गटात जाणार, हे कोण ठरवतं? बहुधा संगणक चिठ्ठी काढतो, डॉक्टर नाही. ‘मला नवाच उपचार द्या’ असं म्हणता येत नाही. आणि खर्च कुणाचा? संशोधनापुरत्या जादा तपासण्यांचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नाहीत, असं आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, पण एरवीही लागले असते त्या उपचारांचा खर्च तुमचा असू शकतो. प्रवासभाडं मिळणार असेल तर ते माहितीपत्रकात लिहिलेलं असतं.

ट्रायलमुळे इजा झाली तर वैद्यकीय उपचार मोफत मिळायला हवेत. गंभीर घटना घडल्यास संशोधकाने ती २४ तासांत औषध नियंत्रकांना, प्रायोजकाला आणि एथिक्स कमिटीला कळवायची असते. या कमिटीत किमान सात सदस्य असतात. त्यांत एक कायद्याचा जाणकार, एक सामान्य नागरिक आणि एक स्त्री असावीच लागते, आणि किमान निम्मे सदस्य त्या संस्थेबाहेरचे. तक्रार असेल तर संमतीपत्रावरच्या कमिटीच्या नंबरवर थेट फोन करता येतो. डॉक्टरांमार्फत जायची गरज नाही. कधीही, कारण न देता बाहेर पडता येतं आणि त्यामुळे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत.

तपासण्यांनंतर ‘स्क्रीन फेल्युअर’ (पात्रतेच्या अटीत न बसणारा) म्हणून नाव वगळलं गेलं, तर कुठल्या अटीमुळे ते केस पेपरवर लिहून मागा. हिमोग्लोबिन कमी असल्याने नाव गेलं असेल, तर ते सुधारल्यावर पुन्हा तपासणी करता येते का ते विचारा. जुन्या रेडिएशनमुळे गेलं असेल, तर ‘नॉट यट रिक्रूटिंग’ यादीतल्या ट्रायलच्या अटींमध्ये तोच मुद्दा आधी बघा आणि ब्लॉक-स्लाइड्स हॉस्पिटलातून परत घेऊन ठेवा, पुढच्या ठिकाणी त्याच लागतील.