स्वर्गातील संपत्ती

ऐहिक मालमत्तेपेक्षा देवाकडून मिळणारे सार्वकालिक प्रतिफळ मोलाचे मानणारी ख्रिस्ती धारणा. तिचा मुख्य आधार मत्तयकृत शुभवर्तमानाच्या 6 व्या अध्यायात, म्हणजे डोंगरावरील प्रवचनात सापडतो. पृथ्वीवर संपत्ती साठवू नका, तिथे कसर व जंग लागते आणि चोर घर फोडतात. ती स्वर्गात साठवा, असे येशू तिथे सांगतो. हे दाखले त्या काळच्या श्रीमंतीतूनच आलेले आहेत. तेव्हा उंची वस्त्रे हीसुद्धा ठेव असे, म्हणून कसर. घरांच्या भिंती मातीच्या, म्हणून ‘फोडणे’ यासाठी मूळ ग्रीकमध्ये ‘खणून आत शिरणे’ अशा अर्थाचे क्रियापद येते. ‘जंग’ मात्र वादाचा आहे. मूळ शब्दाचा अर्थ नुसताच ‘खाणे’, त्यामुळे काही अभ्यासकांच्या मते इथे कोठारातले धान्य फस्त करणारे कीटक अभिप्रेत असावेत.

ही ठेव ठेवायची कशी, याचे उत्तर लूककृत शुभवर्तमान (12:33) स्पष्ट देते : आहे ते विका आणि दानधर्म करा. स्वर्गात साठते ते इथे देऊन टाकलेलेच. यहुदी परंपरेत हा विचार आधीपासून होता. तोबित व बेन सिरा या ग्रंथांत गरिबाला दिलेले दान हीच संकटकाळची पुंजी मानली आहे.

सगळेच विकायचे का, यावर मात्र एकमत झाले नाही. श्रीमंत तरुणाला येशूने तसे सांगितले आणि तो खिन्न होऊन निघून गेला. त्यापुढचेच वचन प्रसिद्ध आहे : श्रीमंताने देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटाने सुईच्या नेढ्यातून जाणे सोपे. ‘सुईचे नेढे’ नावाचा एक अरुंद दरवाजा यरुशलेमेत होता, असे स्पष्टीकरण वारंवार दिले जाते. त्याला पुरावा नाही. उंटाची, आणि अर्थात श्रीमंतांची, सोय तेवढी होते. येशूने त्या तरुणाला दिलेली आज्ञा ईजिप्तच्या अँटनी या ख्रिस्ती संन्याशाने तिसऱ्या शतकात शब्दशः पाळली व तो वाळवंटात गेला. अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट या ख्रिस्ती धर्मपंडिताने मात्र धनाची आसक्ती सोडण्यावर भर दिला. बायबलमधील तीमथ्याला लिहिलेले पहिले पत्रही (6:10) वाइटाचे मूळ म्हणून पैशाचा लोभ दाखवते, पैसा नव्हे.

खरी अडचण ‘प्रतिफळ’ या शब्दाची आहे. मोबदल्यासाठी केलेला त्याग हाही एक हिशेबच नाही का? द्राक्षमळ्याच्या दाखल्यात (मत्तय 20) दिवसभर राबलेल्याला आणि तासभर काम केलेल्याला सारखीच मजुरी मिळते. तिथे हा हिशेब कोलमडतो. तारण (पापापासून सुटका) केवळ विश्वासाने मिळते, सत्कृत्यांनी नाही, असे सोळाव्या शतकातील धर्मसुधारकांनी ठासून सांगितले. 1547 साली कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील परिषदेने सत्कृत्यांचे पुण्य मान्य केले, पण तेही देवाच्या कृपेचेच दान ठरवले. विसाव्या शतकात फोफावलेली ‘समृद्धीची सुवार्ता’ श्रद्धेचे फळ इथेच, आरोग्य आणि पैशाच्या रूपात देऊ करते. अनेक पंथांनी तिला विरोध केला आहे.

परलोकाची आशा गरिबांना गप्प बसवते, हा आक्षेप जुना आहे. कार्ल मार्क्सने 1844 मध्ये धर्माला जनतेची अफू म्हटले ते याच रोखाने. याकोबाच्या पत्रात (5:1–6) मात्र कसर लागलेली वस्त्रे आणि गंजलेले सोने पुन्हा येते, ते धनिकांविरुद्ध साक्ष म्हणून; आणि त्यांच्या शेतांत कापणी करणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी तिथे ओरडत असते.